पोटखराबा

जमिनीचा एक-चौदाचा उतारा ज्या गोंयकाराने कधी हातात घेतला असेल, त्याला त्यातले रकाने आठवत असतील. बागायत, तरी, खाजन, केर, मोरड... मला ते रकाने वाचताना नेहमी गावातून एक फेरी मारून आल्यासारखं वाटतं. खाऱ्या पाण्याशी भांडून मिळवलेलं खाजन, निव्वळ पावसाच्या भरवशावर पिकणारं उंचावरचं मोरड. आपल्या पूर्वजांनी जमिनीला हाक मारायला किती नावं ठेवली होती! आणि या सगळ्यांच्या शेवटी, पंगतीत कोपऱ्यात बसवलेल्या पाहुण्यासारखा, आणखी एक रकाना असतो. पोटखराबा. जिथे काही पिकत नाही ती जमीन.

पेडण्यातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा बहुतेक आकडा याच रकान्यात आहे. वर सड्याचा एक सपाट तुकडा, त्याच्या कडेपासून पश्चिमेला उतरत जाणारी भरड, आणि अगदी पायथ्याशी एक झर व त्या झरीवर जगणारं लहानसं कुळागर. उताऱ्याच्या भाषेत कुळागर तेवढं कामाचं. बाकी सगळं खराब.

सडा म्हणजे काय हे पेडण्याच्या किंवा पलीकडे सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको. पणजी-मडगावात फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने या दगडावर थेंब नाही. म्हणजे हीच जागा चार महिने तळं आणि आठ महिने तवा.

आणि वारा! आमच्या सड्यावरून स्वच्छ दिवशी समुद्राची निळी रेघ दिसते, आणि त्या रेघेपासून आमच्या कडेपर्यंत वाऱ्याला अडवणारं काही नाही. आषाढात सड्यावर छत्री उघडणारा माणूस एक तर पाहुणा असतो नाहीतर वेडा. कडेवरची करवंदाची जाळी पाहा. कुणी केस मागे विंचरावेत तशी सगळी पूर्वेला कललेली. पश्चिमेकडचे कोंब वाऱ्याने आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या खारेपणाने जळतात, आडोशाचे तेवढे वाढतात.

आजीच्या लहानपणी भरडीवर कुमेर होती. एक तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षं नाचणी, वरी, कुळीथ घ्यायचे आणि तो रानाला परत द्यायचा. ही परत देण्याची मुदत लांब होती तोवर सगळं ठीक चाललं. पोटं वाढली, मुदत आखडली. शिवाय तरव्याची जागा भाजायला दरवर्षी टाळ हवा, तो किंदळीचा नाहीतर माट्टीचा. काजूच्या हंगामाआधी गवताला आग. वर्षभर गुरं. मी शाळेत जात होतो तेव्हा, सत्तरच्या दशकात, त्या उतारावर मुरमाड खडी आणि गुडघ्याएवढी झुडपं उरली होती. पहिल्या पावसाचं पाणी कुळागरात उतरायचं ते रक्तासारखं लाल. त्या रंगाचं आम्हा पोरांना कौतुक वाटायचं. ती आमची जमीन वाहून चालली आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा मराठी शाळेत मास्तर. 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं आणि त्याच पावसात बाबांनी झाडं लावायला घेतली. ते दोन्ही गोष्टी जोडूनच सांगत. "राज्य आपलं झालं, आता रानही आपण करूया." रोपं मिळाली ती अकेशियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभळीची. त्या काळी सामाजिक वनीकरणात ती सर्रास लावत. सड्यावर, उतारावर, खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला. आज त्या झाडाला नावं ठेवायची फॅशन आहे. (मीही ठेवणार आहे, थोडं थांबा.) पण 1987 साली एका मास्तराला दुसरं कोणतं झाड कुणी दिलं असतं? उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीकडचं हे झाड. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, मुळांवरच्या गाठींतून ते हवेतला नत्र धरतं आणि निकस जमिनीत सरसर वाढतं.

सड्यावर बाबांनी पहारीने खड्डे घेतले. ठिणग्या उडायच्या. पहिले दोन उन्हाळे मी आणि माझा धाकटा भाऊ झरीवरून कळशा भरून वर नेत होतो. मी कॉलेजात होतो, मित्रांबरोबर हरमलच्या वेळेवर जायचं सोडून सड्यावर पाणी घालतो याची मला लाज वाटायची. पण झाडं जगली. सात-आठ वर्षांत वर हिरवं छत झालं. गावातले लोक त्याला 'मास्तराचं रान' म्हणू लागले. जळणाला लाकूड मिळू लागलं, त्यामुळे किंदळ-माट्टीवरचे कोयते थोडे कमी झाले, हेही खरं. बाबा निवृत्तीनंतर संध्याकाळी वर जाऊन बसत. 2014 साली ते गेले तेव्हा त्यांच्या सरणातही त्याच रानातलं लाकूड होतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे जे घडलं त्याचं ओझं तुमच्या लक्षात यावं.

नोकरी संपवून मी 2016 मध्ये गावी राहायला आलो. डोक्यात बाबांचं अर्धं राहिलेलं काम होतं. वर रान झालं, पण भरड तशीच उघडी होती. उतारावर अकेशियाही विरळच जगली होती. मी ठरवलं, आता आपली झाडं लावायची. माट्टी, कारण ती गोव्याचा राज्यवृक्ष. जांभूळ, भिरंड, कुंभा, घोटिंग. मिरगाच्या पहिल्या पावसावर दीडशे रोपं लावली. खड्ड्यांत शेणखत घातलं, फोटो काढले, मुंबईच्या नातेवाइकांना पाठवले.

त्या पावसाळ्यातच तीस-चाळीस कुजली. जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे दगडाची वाटी, पाणी भरलं की उतरत नाही. वाचली त्यांना वाऱ्याने इतकं हलवलं की मुळं मातीत घट्ट बसेनात. बुंध्याभोवती चुलीच्या भोकासारखी पोकळी पडली. उरलेली मार्चपर्यंत वाळली, आणि मे महिन्यात मी मोजली तेव्हा अकरा जिवंत होती. त्यातली सात भिरंडीची, झरीच्या जवळची, जिथे मी लावली नसती तरी कधीतरी उगवलीच असती.

आमच्या गावात एक म्हातारे गुराखी आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. जन्म सड्यावर गेलेला. मी वाळलेली रोपं उपटत होतो तेव्हा ते काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबू, तूं झाडां लायता, पूण झाडां हांगा आसातच मरे!"

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी काठीने करड बाजूला सारलं आणि गुडघ्याएवढं एक झुडूप दाखवलं. दहा-बारा काटकुळे फुटवे. पानं पाहिली, किंदळ. "खण," म्हणाले. मी बोटांनी मुरूम उकरला आणि आत मांडीएवढा जाड बुंधा लागला. गाठी-गाठींचा, कोयत्याच्या जखमांनी भरलेला, अर्धा जळका आणि पूर्ण जिवंत. ते झुडूप नव्हतंच. मोठं झाड होतं ते, पन्नास-साठ वर्षं दर उन्हाळ्यात कापलं गेलेलं, दर पावसात पुन्हा उठणारं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आबांनी मला असे खुंट दाखवले. किंदळ, माट्टी, कुंभा, काजरो. आमची उजाड भरड जमिनीखाली रानच होती. मी त्या रानाच्या डोक्यावर खड्डे खणत होतो.

पुढे वाचताना कळलं की आफ्रिकेतल्या नायजर देशात, सहाराच्या कडेला, हेच घडलं आहे. टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस तिथे 1980 च्या सुमारास रोपं लावायला गेला. वर्षामागून वर्षं रोपं मरत राहिली. मग एकदा त्याने वाटेतलं एक झुडूप नीट पाहिलं आणि ते तोडलेल्या झाडाचा खुंट आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने शेतकऱ्यांना एवढंच सांगितलं की सगळे फुटवे कापू नका, एक-दोन सरळ राखा. पुढच्या काही दशकांत तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे 50 लाख हेक्टरवर अशी झाडं परत आणली. हे वाचून मी आबांना सांगायला गेलो. त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. "तांचीं गोरवां कशीं आसात?" एवढंच विचारलं.

मग आम्ही तसंच केलं. दर खुंटावर दोन फुटवे राखायचे, बाकीचे छाटून तिथेच पसरायचे. बी पेरायचं ते करवंदाच्या जाळीत, पूर्वेच्या बाजूला. करवंद म्हणजे या रानाची सुईण. काटे गुरांना लांब ठेवतात, जाळी वारा अडवते, आणि पाखरं फळ खायला येतात ती जांभळाचं बी तिथेच टाकून जातात. माझ्या खतवाल्या खड्ड्यांपेक्षा त्या जाळ्यांत रोपं कितीतरी जास्त जगली.

पण सगळ्यात जास्त घाम काढला तो गडग्यांनी. इथे जांभ्या दगडाबद्दल थोडं सांगायला हवं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या चाकरीतल्या डॉक्टरने मलबारात लोक हा दगड कसा काढतात ते पाहिलं, आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. त्याने जे नोंदलं ते आपले चिरे काढणारे कामगार पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. जमिनीत असताना हा दगड मऊ असतो, सहज कापला जातो. एकदा हवा-ऊन लागलं की कडक होतो. उतारावरही नेमकं हेच होतं. वरची माती वाहून गेली की खालचा लोहाने भरलेला थर उघडा पडतो. ओला होतो, सुकतो, पुन्हा ओला होतो, पुन्हा सुकतो, आणि हळूहळू कातळ बनतो. मग त्यावर काहीही केलं तरी माती परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. म्हणजे घाई होती ती झाडांची नव्हती. उघडं पडलेलं झाकायची होती.

गवंडी वापरतात ती पाण्याची प्लास्टिकची नळी घेऊन आम्ही समपातळीच्या रेषा काढल्या आणि त्यांवर सुट्ट्या दगडांचे गुडघ्याएवढे गडगे रचले. चुना नाही, सिमेंट नाही. पाणी जाऊ दे, माती राहू दे. दोन मजूर, मी, आणि सुट्टीत आलेला भाचा, जो अर्ध्या दिवसात पळाला. पहिल्या पावसाळ्यानंतर गडग्याच्या वरच्या अंगाला दोन बोटं गाळ बसला. मी त्यात बोट घालून घालून पाहत होतो, बाळाचा ताप बघावा तसा. चार पावसाळ्यांत वीतभर झाली. कुळागरात उतरणारं पहिलं पाणी अजून लालसर असतं, पण आता चहाच्या रंगाचं.

आगीबद्दल मात्र मी माझ्याच गाढवपणाची गोष्ट सांगतो. वणवा अडवायला रानाच्या कडेने जाळरेषा मारतात, म्हणजे वाळलेलं गवत आपणच पट्ट्यात जाळून टाकायचं. 2019 च्या फेब्रुवारीत मी ते काम सकाळी करायला घेतलं. सकाळी आपल्याकडे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो, मंद असतो. उकाडा वाढला की तो फिरतो आणि समुद्राकडून जोर धरतो. हे मला माहीत होतं. आबांनी बजावलंही होतं की ऊन डोक्यावर यायच्या आधी आग विझलेली हवी. पण एक मजूर उशिरा आला, मग चहा झाला, मग मी म्हटलं, शेवटचा तुकडा उरकूनच टाकू. साडेअकराला वारा फिरला.

आग भरड चढून वर गेली आणि बाबांच्या रानात शिरली. अकेशियाची गळलेली पानं चामड्यासारखी असतात, वर्षानुवर्षं कुजत नाहीत, नुसता थर साचत जातो. तो थर काडेपेटीसारखा पेटला. शेजारचे लोक हिरवे टाळ घेऊन धावले म्हणून निम्मं रान वाचलं. संध्याकाळी आई मागल्या दारी उभी राहून वरचा धूर बघत होती. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यात जळलेल्या जागेवर अकेशियाची रोपं इतकी दाट उगवली, जणू तरवा टाकला होता. आगीने तिचं बी फुटतं. दुसरं एकही झाड नाही. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की बाबांच्या रानात एवढ्या वर्षांत अकेशियाखाली मी दुसरं काही उगवलेलं पाहिलेलंच नाही. ना जांभूळ, ना करवंद, ना गवत.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तो दिवस गोव्यात कुणी विसरणार नाही. आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी मी वर गेलो. बाबांची निम्म्याहून अधिक झाडं आडवी. हे झाड ठिसूळ. काही कंबरेतून मोडली होती, बरीचशी मुळासकट उलथली होती, आणि त्या उलथलेल्या मुळांना फक्त ताटाएवढी माती होती. खाली पहारीच्या खुणा असलेले बाबांचे खड्डे जसेच्या तसे. चौतीस वर्षांत मुळं त्या वाट्यांबाहेर फारशी गेलीच नव्हती. भरडीवर मात्र खुंटांवर राखलेल्या किंदळी उभ्या होत्या. पानं ओरबाडलेली, सालं सोललेली, पण उभ्या.

पडलेली लाकडं ओढून काढली, पानांचा थरही खरवडून बाजूला केला. पुढच्या वर्षी श्रावणात त्या मोकळ्या जागेवर पांढरे ठिपके दिसले. गेंद. भाद्रपदापर्यंत जांभळ्या सीतेच्या आसवांचा पातळ पट्टा उमटला. दगडाच्या खाचेत दवबिंदूची लाल केसाळ पानं, त्यांवर अडकलेले डास.

शाळेत शिकलो होतो की ही झाडं किडे खातात. का खातात हे कधी मनावर घेतलं नव्हतं. इथे माती बोटभर आणि तीही निकस. मुळांना नत्र मिळत नाही म्हणून त्यांनी किडे धरायची विद्या शिकून घेतली. गरिबीतच त्यांचा संसार. त्या जागेवर आम्ही नत्र धरणारं झाड लावलं, वर सावली केली, खाली पानांची गोधडी अंथरली आणि म्हटलं, जमीन सुधारली. त्यांच्या दृष्टीने आम्ही घर बुजवलं होतं.

मग मला लहानपणचं सगळं आठवू लागलं. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीला हरणां आणायला आम्ही कुठे जात होतो? सड्यावर. उघड्या दगडावर दगडासारखीच दिसणारी टिटवीची अंडी कुठे होती? सड्यावर. गुरांचं करड, पावसातली बेडकं, सगळं तिथेच. 'मास्तराचं रान' झाल्यापासून हरणां बाजारातून येऊ लागली होती आणि आमच्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. भरड बिघडली होती, ती दुरुस्त करायला हवीच होती. सडा कधी बिघडलाच नव्हता. तो मुळातच तसा. आम्ही दोघांना एकाच रकान्यात घातलं होतं, आणि बाबांनी तो रकाना मन लावून वाचला होता.

सड्यावरच्या उरलेल्या अकेशिया काढायच्या, हे मी आईला सांगितलं तो दिवस मला आठवला की अजून कसंतरी होतं. आई तेव्हा अठ्ठ्याऐंशीची. तिने विचारलं, "कीड लागली काय?" मी नाही म्हटलं. "पडतील म्हणून?" मी तेही नाही म्हटलं. मग मी गेंद आणि सीतेच्या आसवांबद्दल सांगू लागलो आणि सांगता सांगता मलाच ते पोरकट वाटायला लागलं. नखाएवढ्या फुलांसाठी बापाची झाडं कापणारा मुलगा! तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मांगराकडलं एक ठेव."

आपल्याकडे 1984 पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे, झाड तोडायला परवानगी लागते. ती रीतसर काढली. भरडीवरच्या अकेशिया मात्र मी एकदम काढलेल्या नाहीत. तिथे त्या वारा अडवतात, किंदळी वर येईपर्यंत त्यांचा उपयोग आहे. दरवर्षी थोड्या थोड्या काढतो. सड्यावरची कुऱ्हाड आठ दिवस चालली. मी तिथे उभा राहिलो, कारण न राहणं जास्त वाईट दिसलं असतं.

मोपच्या सड्यावर विमानतळ झाला, जानेवारी 2023 मध्ये तिथून विमानं उडू लागली, आणि आमच्या भागातल्या प्रत्येक उघड्या दगडाकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. त्याच सुमाराला एक माणूस आमच्या सड्यासाठी विचारत आला. चिऱ्यांची खण घालायची होती. झाडं काढून जागा मोकळी केलीत, बरं झालं, असं तो मला म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. पण त्याने भावाचा नंबर आधीच मिळवलेला होता.

भाऊ वास्कोला असतो. त्याची थोरली मुलगी डॉक्टरकीला गेली आहे, फी किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तो भांडायला आला नव्हता. बाल्कांवावर बसून शांतपणे म्हणाला, "दादा, बाबांनी लावली, तू कापलीस. आता तिथे नुसता दगड आहे. तोच विकू म्हटलं तर माझं काय चुकलं?"

मी त्याला झरीबद्दल सांगितलं. जांभा भोकांचा दगड. पावसाचं पाणी सड्यातून मुरत खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातं, तिथे अडतं आणि उताराच्या पायथ्याला बाहेर येतं. वरचा दगड कापून नेला तर मार्चमध्ये झर आटेल, झर आटली की कुळागर संपलं. हे त्याला पटलं. पण कुळागराच्या माडीतून फी निघत नाही हे त्याचं म्हणणं मलाही पटलं. तेवढ्यावरच तो विषय थांबला आहे. जमीन दोघांच्या नावावर आहे, आणि मी सही करत नाही म्हणजे मी त्याचा वाटा अडवून बसलो आहे, हे मला कुणी सांगायला नको.

गेल्या चवथीला तो मुलींना घेऊन आला. माटोळीचं सामान आणायला आम्ही सगळे वर गेलो. धाकटीने हरणां गोळा केली. थोरली दवबिंदूवर वाकून बसली ती उठेना. मोबाइलमधून त्याच्या केसांचे फोटो काढत होती. भाऊ इकडे तिकडे फिरला, बाबांच्या खड्ड्यांपैकी एकाजवळ थांबला. त्यात पाणी साचलं होतं आणि बेडकांची पिल्लं पोहत होती. "हा माझा," म्हणाला. "याच्यातलं झाड मी जगवलं होतं. पंचवीस पावलं पलीकडे तुझं." त्याला अजून पाठ होतं.

उतरताना भरडीवर एका किंदळीच्या बुंध्याशी रोयण दिसली. हातभर उंच, ओली, ताज्या लाल मातीची. सातेरीला आपण रोयणीच्या रूपात पुजतो, म्हणून मी चप्पल काढली. भावाने मला पाहून काढली. मुरमाखालची बारीक माती वाळवीने कणाकणाने वर आणलेली. वीतभर गाळ जमवायला मला चार पावसाळे आणि दोन मजूर लागले होते. रोयणीच्या बाजूला अळमी येऊन गेल्याच्या खुणा होत्या, काळ्या पडलेल्या, आठवडाभर उशीर झाला होता. आबा म्हणाले की त्यांनी पाहिली होती, पण कुणाला सांगितलं नाही. पहिल्या वर्षीची काढायची नसते.

मांगराजवळचं ते एक झाड मी ठेवलं आहे. आई हल्ली वर चढू शकत नाही, पण मागल्या दारातून त्याचा शेंडा दिसतो. त्याचं बी सड्यावर पसरतं आणि दर ऑगस्टमध्ये मी वाकून वाकून रोपं उपटत असतो. गेल्या वर्षी मोजायला घेतली आणि सातशेला सोडून दिली. घरी येऊन कंबर धरून बसलो तर आई म्हणाली, "तुझे बाबा कुणाचं ऐकत नसत. त्यांचं झाड ऐकेल काय?"

आणि उठून तिने चहा टाकला.